गाडी लागणाऱ्या बायकांची सहल

मला गाडी लागते. हे मी आयुष्यात ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं त्यानं मला उपाय सांगितला. लिंबू हुंगा. आल्याची वडी चघळा. पोटावर वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि वरून पदर घट्ट खोचा. जे स्वतःला फार शहाणे समजतात त्यांचा उपाय म्हणजे, "मनावर घेऊ नका." जणू मळमळ पोटातून येत नाही, माहेरच्या आठवणीतून येते.

गाडी लागते म्हणजे मोटार लागते. काचा वर, गार हवा सुरू, पुढे आरशाला टांगलेली कसली तरी वासाची बाटली, आणि मागच्या सीटवर तिघांच्या मध्ये मी. एसटी मला लागत नाही. शाळेत शिक्षिका होते तेव्हा कितीतरी वर्षं रोज एसटीनं खेड्यात जात होते. खिडकीशी बसून वह्या तपासल्या, डबा खाल्ला, कधी काही झालं नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडं असं बघतात, जसं काही मी म्हणाले की मला बासुंदी पचत नाही, शिळी भाकरी तेवढी पचते.

सगळ्यात जास्त असं बघणारे आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचा शिरोलीकडं लहानसा कारखाना आहे आणि राजारामपुरीत घर आहे. घरासमोर एक पांढरी, उंच, रणगाड्यासारखी मोटार आहे. ती मोटार पुसायला माणूस आहे. अक्काच्या गुडघ्याला तेल लावायला कुणी नाही.

दसरा झाला की दिवाळीच्या आत दाजी सगळ्यांना घेऊन सहलीला निघतात. गाडी लागते म्हणून एखाद्या वर्षी मला तेवढं घरी ठेवतात. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, भात पिवळं पडायला लागलेलं असतं. वर्षातले हे सगळ्यात देखणे दिवस. पण दाजींच्या सहलीत डोंगर नसतात, भात नसतं. "किती वेळात पोचलो बघितलंस?" हे त्यांचं निसर्गवर्णन. कुणाला मागं टाकलं, टोलनाक्यावर कसं सटकन निघालो, गाडीनं चढावर दम खाल्ला नाही, हे प्रवासवर्णन. पुढच्या सीटवर अक्का काळा गॉगल लावून बसायची आणि शहराबाहेर पडायच्या आत तिची मान कलायची. आंबोली असो की महाबळेश्वर, ती ठिकाण आलं की जागी व्हायची, फोटो काढून घ्यायची आणि पुन्हा गाडीत बसून झोपायची. मला तिची फार चीड यायची. मी इकडं पिशवीत तोंड खुपसून मरतेय आणि ही बाई समोर मोठी काच असून झोपतेय. देवानं दात दिलेत, पण चणे खायची हौसच नाही, असं मी मनात म्हणायचे.

गेल्या वर्षी आंबोलीच्या वाटेवर मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला बसून ओकले. मागून दाजींचा आवाज आला.

"म्होरल्या वर्षी मॅडमना टेम्पोच्या हौद्यात बसवू या. वारं बी लागंल आणि धुवाय बी सोपं."

शाळेत शिकवत होते म्हणून ते मला मॅडम म्हणतात. मान म्हणून नव्हे. सगळे हसले. माझे यजमानही हसले. बँकेतून निवृत्त झालेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे ते आहेत, पण मोटारीत बसलेल्या माणसाच्या विनोदाला हसायचं असतं एवढं त्यांना बँकेनं शिकवलं होतं.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला अक्काकडं गेलो. आपट्याची पानं हातात ठेवता ठेवता दाजींनी जाहीर केलं, "औंदा पाटगावकडं जाऊ. मध बी आणू. सकाळी निघायचं, दुपारला परत."

मी म्हणाले, "मी पाटगावच्या पुढं जाणार आहे. मुक्कामाला. एसटीनं."

 मग दाजी हसले, अगदी पोट धरून.

"एसटीनं? अवो मॅडम, एसटीनं माणूस लग्नाला जातंय न्हाय तर मयताला जातंय. फिराय कोण जातंय?"

"मी जातेय की."

"बायकांना अर्धं तिकीट झाल्यापास्नं हे असं सुरू झालंय बघा," ते माझ्या यजमानांना म्हणाले. "उद्या सोलापूरला चादर बघाय जातील."

माझे यजमान हसायच्या बेतात होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तोंडात पेढा टाकला.

घरी कसबा बावड्याला आल्यावर नियोजन सुरू झालं. नियोजन हा शब्द माझ्या यजमानांचा. ते फोन घेऊन बसले आणि त्यांना कुठं तरी एक लेख सापडला: शरद ऋतूत सार्वजनिक वाहनांनी करायच्या रम्य सहली. त्यात लाल पानांची झाडं होती, तळ्याकाठून जाणारी स्वच्छ रेल्वे होती, आणि रेल्वेत सायकल ठेवायला जागा होती. सोबत लोकरीची टोपी घ्या, असा सल्ला होता.

"लोकरीची टोपी घ्यायची का गं?" त्यांनी मला खरोखर विचारलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं होतं, की वाळत घातलेल्या चादरीला हात लावला तर चटका बसावा. आमच्याकडं शरद ऋतू म्हणजे कपाळावर घामोळं. पानं लाल होत नाहीत, माणसं होतात. पण तो लेख लिहिणाऱ्यानं घाम पाहिलेला नव्हता आणि माझ्या यजमानांनी खिडकीबाहेर पाहिलेलं नव्हतं. छापलेलं असलं की ते खरं, ही त्यांची जुनी श्रद्धा.

मग त्यांनी फोनवर एक ॲप उतरवून घेतलं. त्यात पुणं होतं, मुंबई होती, झोपून जायच्या गाड्या होत्या. पाटगाव टाकलं की ते विचारायचं, तुम्हाला पाटणा म्हणायचं आहे का? दोन दिवस ते त्या फोनशी वाद घालत होते. तिसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली, स्टँडवर गेले आणि चौकशीच्या खिडकीत विचारलं.

"पाटगावच्या पुढं जायचंय. मुक्कामाची गाडी असते का?"

"हाय की. गारगोटीतनं दुपारनं सुटती. हितनं गारगोटीला जावा, गाड्या लागून हायत्या."

संपलं नियोजन. घरी येऊन यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "पण ॲपवर तसं दिसत नाही."

राहायची सोय त्यांच्याच बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं करून दिली. शेवटच्या गावात एक मावशी दोन खोल्या पाहुण्यांना देतात, चुलीवरचं जेवण घालतात. मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "या की. कशानं येणार? एसटीनं? मग तर बेसच. गाडी दारातच थांबती." माझ्या सहलीवर आनंद दाखवणारं पहिलं माणूस ते.

दुसरं माणूस अक्का निघाली. तिचा फोन आला तो दुपारी, दाजी कारखान्यावर असताना.

"जागा हाय काय गं? मी बी येतो." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला येतो-जातोच म्हणतात.

"एसटीत? तू?"

"का? मला काय काटं हायत काय?"

मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण झालं असावं. पण भांडण नव्हतं. तिनं दाजींना सांगूनही टाकलं होतं. त्यांनी तीन वेळा कारण विचारलं आणि तिनं तिन्ही वेळा "असंच" म्हणून सांगितलं. दाजींनी अशा वेळी जे करायचं तेच केलं, म्हणजे जेवणाचं ताट सरकवलं. अक्कानं ते उचलून झाकून ठेवलं आणि मला फोन लावला.

निघायच्या दिवशी अक्का स्टँडवर आली ती काळा गॉगल न लावता. हातात पाण्याची बाटली, खांद्याला मोठी पर्स. गारगोटीची गाडी भरत होती. आम्ही खिडकीच्या दोन जागा धरल्या, यजमान मागं बसले. शहर सुटलं, वारं आत आलं. अक्कानं पदर डोक्यावरून घेऊन कानामागं खोचला आणि खिडकीच्या गजाला धरून बसली. झोपली नाही. ऊस दिसला की ऊस म्हणायची, म्हशी दिसल्या की म्हशी. मला वाटलं, नव्याची नवलाई आहे, थोड्या वेळानं मान कलेल.

गारगोटीला उतरलो, वडा खाल्ला, चहा घेतला. मुक्कामाची गाडी लागायला वेळ होता. आणि स्टँडच्या तोंडाशी ती पांढरी मोटार येऊन उभी राहिली. काच खाली झाली.

"झाली का हौस?" दाजी म्हणाले. "बसा आता. गाडी मोकळीच हाय."

"आम्ही एसटीनं जाणार," अक्का म्हणाली.

"अगं, त्योच रस्ता, त्योच गाव! तितंच सोडतो की."

"व्हय. पर आम्ही एसटीनं जाणार."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. या सगळ्याच्या मुळाशी मी आहे अशी त्यांची खात्री होती, आणि त्या दिवसापुरती मला ती मान्य होती. माझे यजमान मोटारीच्या दाराकडं एक पाऊल सरकले होते. मी हाक मारली, "अहो." ते परत आले.

मुक्कामाची गाडी लागली. बाजार करून परतणाऱ्या बायका चढल्या, शाळा-कॉलेजची पोरं चढली, एक म्हातारबाबा खताचं पोतं घेऊन चढले. कंडक्टर एक तरुण बाई होत्या, आवाज असा की स्टँडवरच्या लाउडस्पीकरला विश्रांती द्यावी. गाडी सुटली. आणि तिच्या मागोमाग पांढरी मोटार सुटली.

दाजी पुढं जाऊ शकत होते. आयुष्यभर त्यांनी पुढं जाण्यापलीकडं काही केलं नाही. पण बायको एसटीत आणि आपण पुढं जाऊन करायचं काय, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून ते मागं राहिले. एसटी थांबली की थांबायचे, सुटली की सुटायचे. कुठल्याशा फाट्यावर एक बाई उतरल्या, त्यांची कोंबडी पिशवीतून सुटली, पोरं ती धरायला उतरली, तेवढा वेळ ती लाखमोलाची गाडी आमच्या धुरात उभी होती. मी मागच्या काचेतून हे सगळं मनसोक्त बघितलं. मी साधुसंत नाही.

खताच्या पोत्यावरच्या म्हातारबाबांच्याही ते ध्यानात आलं.

"पावणं," ते माझ्या यजमानांना म्हणाले, "ती गाडी गारगोटीपास्नं मागं हाय. कुणाचं काय वाकडं केलंय काय तुमी?"

"काय माहीत," यजमान म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बँकेत असतानाही अडचणीच्या प्रश्नाला ते असंच उत्तर द्यायचे.

कडगाव मागं पडलं आणि डोंगर जवळ आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, कुठं कुठं कापणीला सुरुवात झालेली. बांधांवर तेरडा गुलाबी होता. वरच्या उतारांवर सोनकी अशी फुललेली, की कुणी हळदीचं पोतं फोडून ओतलं असावं. खाली वेदगंगा दिसायची, झाडांत जायची, पुन्हा दिसायची. मग धरणाचं पाणी लागलं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यात पलीकडचा डोंगर उलटा पडलेला.

"ह्यो डोंगर कुठला गं?" अक्कानं विचारलं.

"अक्का, तुम्ही दोघं दर वर्षी मधाला इकडं येता. मला काय विचारतेस?"

"येतो की. पर झोपून येतो."

"तेच म्हणते मी. गाडीत बसलीस की तुझी मान खाली."

ती खिडकीकडं तोंड करूनच बोलली. "गोळी घेतो मी. उलटीची. निघायच्या आदी घेतो, मग काय कळत न्हाय."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तुला गाडी लागते?"

"तुज्यावानीच. आपल्या आईला न्हवती का लागत? बैलगाडीत बी लागायची."

"कधीपासून घेतेस गोळी?"

"पयली गाडी घेतली तवापास्नं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

तिनं आता माझ्याकडं बघितलं. "तू सांगितलं हुतंस की. समद्यांना. मग काय झालं? लोक हसलं आणि तुला घरी ठिवाय लागलं. मला घरी ऱ्हायाचं न्हवतं."

दया आली असं म्हटलं तर छान दिसेल. पण मला राग आला. दाजींचा आला, त्या मोटारीचा आला, आणि अक्काचाही आला. दोघी बहिणी एकाच गाडीत एकाच त्रासानं जात होतो. एक पिशवीत तोंड घालून, एक गॉगलमागं गुंगीत. आणि मी तिला अरसिक समजत होते. गोव्याला गेलो तेव्हा झोपलेली, महाबळेश्वरला झोपलेली. सगळं जग हिला दाखवून आणलं आणि हिनं काही पाहिलं नाही.

"पर्समध्ये आहे ती गोळी?" मी विचारलं.

"हाय. आज घेतली न्हाय."

"मळमळतंय?"

"न्हाय." तिनं गजावरचा हात काढून वाऱ्यात धरला. "न्हाय की गं."

ऊन कलत आलं होतं. पाटगाव मागं गेलं, रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी झाडी आली. एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, बिघडली. दाजींना काय आनंद होईल, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. पण कंडक्टर बाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि पुढं दाखवलं.

रस्त्यात गवा उभा होता. काळाकभिन्न, एसटीच्या काचेइतका उंच, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो आमच्याकडं बघत होता. गाडीतली पोरंसुद्धा गप्प झाली. म्हातारबाबा हळूच म्हणाले, "नाचणी खाऊन आलाय कुणाची तरी." पण त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त होतं. अक्का उभी राहिली होती. एक हात माझ्या खांद्यावर.  गव्यानं मान हलवली, नाकातून फुर्र केलं. झाडीतून आणखी एक, लहान, बाहेर येऊन त्याच्या पोटाला टेकून उभा राहिला. अक्काच्या तोंडून लहान मुलीसारखा आवाज आला.

आणि मागून हॉर्न वाजला.

साधा नव्हे. दाजींनी खास बसवून घेतलेला, तीन सुरांचा. एकदा वाजून थांबला नाही, पुन्हा वाजला. दोन्ही गवे उडी मारून झाडीत गेले, फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि रस्ता रिकामा झाला.

"कोण ते येडं?" कंडक्टर बाई ओरडल्या. अख्खी गाडी मागं वळली. कुणी दाजींच्या अकलेबद्दल बोललं, कुणी त्यांच्या आईबापाबद्दल.

अक्का खाली बसली. पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझा नवरा हाय."

गाडीत कुणी हसलं नाही. कंडक्टर बाईंनी डबल घंटी मारली. म्हातारबाबांनी थोड्या वेळानं अक्काला खिशातून काढून खडीसाखरेचा खडा दिला.

शेवटचं गाव म्हणजे दहा-पाच घरं, एक मंदिर आणि एसटी वळवायची जागा. मावशींचं अंगण तिथंच होतं. आम्ही उतरलो, पाठोपाठ दाजी उतरले. मावशींनी पाणी दिलं, कंडक्टर बाईंकडून वाटेतलं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ दाजींना विचारलं, "पावणं, गाडीत काय बिघाड हाय व्हय? न्हाय, बायको एसटीनं आली म्हणून इचारलं."

दाजींचा दिवसभराचा राग तिथं फुटला. मावशींवर काढता येईना म्हणून अक्कावर. "बघितलंस? आता गावं बी इचाराय लागली! दारात एवढी गाडी असून बायको एसटीत फिरती. लोक काय म्हणत्याल?"

"तुमच्या गाडीत मला वकारी येती," अक्का म्हणाली.

"काय येती?"

"वकारी. पयल्या दिवसापास्नं. गोळी घेऊन झोपतो मी म्हणून तुमाला कळत न्हाय."

दाजींनी मागं वळून मोटारीकडं बघितलं, जसं काही अक्का आणि मोटार यांपैकी खोटं कोण बोलतंय हे तिच्या तोंडावरून कळणार होतं. "माझ्या गाडीत?" ते म्हणाले. "शोरूमवाला तर म्हणत हुता सस्पेन्शन एक नंबर हाय."

मी तोंडाला पदर लावला. पण अक्का हसली नाही.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर गाडी थोडीच इकणार हुता? मला घरी ठिवलं असतं. हिच्यासारखं." तिनं माझ्याकडं बोट केलं.

दाजी कट्ट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "मग महाबळेश्वर?"

"न्हाय बघितलं."

"गोव्याचा घाट? मुद्दाम त्या रस्त्यानं घातली हुती गाडी. तुला आवडंल म्हणून."

"न्हाय."

"आंबोलीचा धबधबा दाखिवला हुता की मी."

"उतरल्यावर जेवढं दिसलं तेवढं बघितलं. बाकी काय ठावं न्हाय मला."

दाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलेली नाही, पण खरं ते सांगते. त्या माणसाला खरोखर धक्का बसला होता. इतकी वर्षं ते अक्कासाठी गाडी चालवत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि शेजारच्या सीटवर कुणी नव्हतंच. मावशींनी नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि वाटीत मध आणून ठेवला. दाजींनी मुकाट्यानं जेवायला सुरुवात केली. ताट सरकवलं नाही.

सकाळी धुकं एवढं होतं की अंगणातून एसटी दिसत नव्हती, फक्त ड्रायव्हर काच पुसत होता त्याचं खोकणं ऐकू येत होतं. आम्ही चढलो. मागून दाजी चढले. मोटारीची किल्ली त्यांनी माझ्या यजमानांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "दुसऱ्या गेरमधी उतरवा." माझे यजमान! पांढऱ्या मोटारीच्या चाकामागं बसताना त्यांच्या तोंडावर जे तेज आलं, ते आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही. त्यांनी आरसा नीट केला, गार हवा सुरू केली, त्या धुक्यात, आणि आमच्या पुढं निघून गेले. मला हात करायचंही त्यांना सुचलं नाही.

दाजी एसटीत अक्काशेजारी बसले. माणूस बदलला वगैरे काही नाही. गाडी सुटते न सुटते तोच त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी पाहुण्याला आपला कारखाना, उसाचा दर, एसटीचं इंजिन आणि स्वतःच्या मोटारीचं ॲव्हरेज सांगायला सुरुवात केली. धुकं फाटत होतं. खालच्या खाचरांत बायका कापणीला उतरल्या होत्या. कोळ्यांची जाळी दवानं पांढरी होऊन सगळ्या गवतावर पसरली होती.

"अवो," अक्का म्हणाली, "जरा गप बसा की. बघू द्या."

दाजी गप्प बसले. गारगोटीपर्यंत का होईना, बसले. मध्ये एकदा ते खिडकीकडं वाकून म्हणाले, "ही पिवळी फुलं कसली गं?" अक्कानं मला विचारलं, मी सांगितलं, तिनं त्यांना सांगितलं. मी शेजारीच होते, पण मला थेट विचारायला त्यांची मान वळली नाही.

आता दाजी लग्नाकार्यात लोकांना एसटीच्या सहलीवर भाषण देतात. निसर्ग बघायचा तर उंचावरनंच बघितला पाहिजे, खिडकी उघडी पाहिजे, मी तर म्हणतो मोटारीत बसून काय दिसतंय? असं ते मलाच सांगतात, आणि माझे यजमान मान डोलावतात. दोघं मिळून त्याच मोटारीनं घरी जातात.

त्या दिवशी कोल्हापुरात उतरल्यावर दाजी माझ्या यजमानांकडून मोटार परत घ्यायला गेले आणि मी अक्काला राजारामपुरीपर्यंत सोडायला गेले. फाटकातच शेजारच्या वहिनी भेटल्या. "आला काय सहलीस्नं? कसं काय झालं?" त्यांनी जाता जाता विचारलं, असं विचारायचं असतं म्हणून. अक्का दर वेळी यावर "चांगलं झालं" म्हणते आणि आत जाते.

या वेळी तिनं पिशवी खाली ठेवली. "तर काय झालं," ती म्हणाली, आणि गारगोटीच्या वड्यापासून सुरुवात केली. कोंबडी सांगितली, धरणातला उलटा डोंगर सांगितला, गव्याचे पाय स्वतःच्या पोटऱ्यांवर हात फिरवून दाखवले. वहिनींनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा कुकरचं निमित्त केलं. अक्कानं त्यांचा हात धरून ठेवला आणि पुढचं सांगायला लागली.